छत नसलेली गाडी ट्रॅकवर नेताना सुरक्षा साधने कशी निवडावीत

न्यू जर्सीच्या दक्षिण भागात मिलव्हिल गावाजवळ न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे. तेथील थंडरबोल्ट हा सव्वादोन मैलांचा ट्रॅक २००८ पासून वापरात आहे. ट्रॅक-डेच्या, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला मिळण्याच्या, दिवशी भल्या सकाळी तेथे गाड्यांच्या तपासणीसाठी रांग लागते. बंद छताची गाडी आणणाऱ्याला तपासनीस आधी हेल्मेट दाखवायला सांगतो. उघड्या छताची गाडी आणणाऱ्याला मात्र तो हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसायला सांगतो आणि मग हातात एक लांब, सरळ दांडा घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला जातो. दांड्याचे एक टोक चालकामागच्या रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटल्यास तिचा भार घेणाऱ्या पोलादी कमानीच्या, माथ्यावर आणि दुसरे समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकवले जाते. त्या सरळ रेषेच्या खाली हेल्मेट राहिले, तर तो चालक ट्रॅकवर जाऊ शकतो. हेल्मेट दांड्याला टेकले, तर त्या दिवसापुरती गाडी उभी राहते.

उघड्या गाडीसाठी कोणते साधन, कोणत्या क्रमाने आणि का घ्यावे, याचे जवळजवळ सगळे उत्तर या दांड्यात आहे. या लेखात माझदाच्या एमएक्स-५ किंवा मियाटा या गाडीचे उदाहरण मी सतत घेतले आहे, कारण अमेरिकेतल्या ट्रॅक-डेंमध्ये सर्वाधिक दिसणारी उघडी गाडी हीच आहे आणि माझी स्वतःची गाडीही १९९९ ची, म्हणजे एनबी पिढीतली, मियाटाच आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि त्याच्या आसपासच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गाड्यांचा नाद आहे, त्यांच्या गॅरेजमध्येही दुसरी गाडी म्हणून बऱ्याचदा एखादी जुनी मियाटा असते. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. मात्र चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर बीएमडब्ल्यूची झेड-४ किंवा पोर्शेची बॉक्सस्टर नेणाऱ्या वाचकालाही यातला बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडेल.

खरेदीचा क्रम

ट्रॅक-डे ही शर्यत नसते. वेळ मोजली जात नाही, पुढे जाण्यासाठी पुढच्या चालकाने हाताने खूण करावी लागते आणि नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो. त्यामुळे शर्यतीच्या गाडीसारखा नळ्यांचा संपूर्ण पिंजरा बसवण्याची गरज नसते. तरीही गाडी उलटण्याची शक्यता उरतेच, आणि ती बहुधा ज्या प्रकारे घडते ते समजून घेतले पाहिजे. वळणावर मागची बाजू सुटते, गाडी आडवी घसरत डांबराबाहेर जाते, आणि मऊ गवतात किंवा खडीत टायर रुतले की गाडीचा वरचा भाग पुढे जात राहतो व ती कलंडते. असे घडण्यासाठी दुसरी गाडी धडकावी लागत नाही आणि वेगही फार असावा लागत नाही. बंद गाडीत हा भार छत आणि त्याचे खांब घेतात. उघड्या गाडीत समोरच्या काचेची चौकट सोडली, तर सर्वांत उंच बिंदू चालकाचे डोके असते.

म्हणून उघड्या गाडीवरचा पहिला खर्च रोल बारवर झाला पाहिजे. बहुतेक जण आधी हेल्मेट घेतात, मग हातमोजे, मग शर्यतीचे पट्टे, आणि रोल बार पुढच्या हंगामावर ढकलतात. मी हा क्रम चुकीचाच नव्हे, तर धोकादायक मानतो. रोल बार ठरला की सीट किती खाली हवी हे कळते, सीट ठरली की पट्टे कोठून आणि कोणत्या कोनात येतील हे ठरते, पट्ट्यांवरून मानेच्या आधाराचा प्रकार ठरतो आणि त्या आधारावरून हेल्मेट. या साखळीतली मधली एखादी कडी सोडून पुढची कडी घेतली, तर काही बाबतींत सुरक्षा वाढण्याऐवजी घटते, आणि ते कसे हे पुढे येईलच.

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी ज्या संस्थेबरोबर ट्रॅकवर जायचे आहे तिची नियमावली मिळवावी. उघड्या गाड्यांबाबत प्रत्येक क्लबची भूमिका वेगळी असते. काही क्लब कारखान्यातून आलेला रोल बार मान्य करतात, काही आपोआप वर येणाऱ्या कमानी नाकारतात, काहींना हेल्मेट आणि दांडा यांच्यात दोन इंचांचे अंतर लागते, तर काहींना हेल्मेट दांड्याखाली असले की पुरते. भारतात आयोजकांच्या नियमांबरोबर एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचे नियमही पाहावेत.

रोल बार

मियाटाच्या एनए आणि एनबी या पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे १९८९ ते २००५ या काळातल्या गाड्यांत, कारखान्यातून रोल बार येत नाही. तो बाहेरून घ्यावा लागतो. अमेरिकेत तयार, बोल्टने बसणारा चांगला बार साधारण सहाशे ते हजार डॉलरमध्ये मिळतो आणि बसवण्याची मजुरी वेगळी पडते. बाजारात दिसायला सारख्या, पण कामाला अगदी वेगळ्या दोन वस्तू मिळतात. पहिली म्हणजे चकचकीत, पातळ नळीच्या दोन कमानी. त्या केवळ शोभेच्या असतात आणि गाडीचे वजन पेलण्यासाठी केलेल्याच नसतात. दुसरी वस्तू म्हणजे खरा रोल बार.

खरा बार ओळखताना चार गोष्टी पाहाव्यात. मुख्य कमान एकाच अखंड नळीला वाकवून केलेली असावी, आणि वाकवलेल्या जागी नळी चपटी किंवा सुरकुतलेली नसावी. नळीचा व्यास आणि जाडी विक्रेत्याने लेखी सांगितलेली असावी. मियाटासारख्या हजार किलोच्या आसपासच्या गाडीसाठी चांगले निर्माते पावणेदोन इंच व्यासाची आणि ०.१२० इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडीची पोलादी नळी वापरतात. कमानीपासून मागे जाणारे दोन तिरके आधार असावेत, कारण त्यांच्याशिवाय कमान घसरण्याच्या झटक्यात मागे किंवा पुढे झोपू शकते. आणि कमानीच्या आत किमान एक कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारी तिरकी नळी, असावा, जो कमानीला बाजूने दबू देत नाही. पुढे कधी शर्यतीचे पट्टे बसवण्याचा विचार असेल, तर खांद्याच्या उंचीवर आडवी नळी वेल्ड केलेलाच बार घ्यावा. नंतर जोडलेली आडवी नळी तितकी विश्वासार्ह नसते.

बसवण्याच्या कामात घाई करू नये. बारचे पाय गाडीच्या पत्र्यावर नुसते टेकवून चालत नाही. पत्र्याच्या वर पायाची पट्टी आणि खाली तेवढीच जाड पोलादी पट्टी, आणि दोन्हींमधून जाणारे उच्च प्रतीचे बोल्ट, अशी रचना हवी, म्हणजे भार आला तर पाय पत्रा फाडून खाली जाणार नाही. गालिचा पूर्ण काढून पत्रा उघडा करावा आणि गंज पाहावा. ईशान्य अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, आणि त्यामुळे या गाड्यांचे दाराखालचे आणि पट्ट्यांच्या खांबांजवळचे पत्रे आतून कुजतात. गंजलेल्या पत्र्यावर बसवलेला बार हा नसल्यासारखाच समजावा. एनए आणि एनबी मियाटात पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, सामान ठेवण्याच्या फळीच्या खाली असते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. तेथे छिद्र पाडताना टाकी आणि तिच्या नळ्या नेमक्या कोठे आहेत हे पाहिल्याशिवाय ड्रिल चालवू नये, आणि अनुभव नसेल तर हे काम जाणकार फॅब्रिकेटरकडून करून घ्यावे.

डोके पोहोचू शकेल अशा बारच्या प्रत्येक भागावर एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-मानक संस्थेच्या ४५.१ या मानकाचे आवरण लावावे. हे आवरण हाताला चांगलेच कडक लागते, आणि ते तसेच असायला हवे. पाण्याच्या नळीवर चढवतात तो मऊ फोम दिसायला तसाच असतो आणि स्वस्तही मिळतो, पण हेल्मेटच्या एका धक्क्यात तो पूर्ण दबतो आणि डोके नळीवरच आदळते. येथे आणखी एक सावधगिरी सांगणे भाग आहे, कारण ट्रॅकच्या उत्साहात तिचा विसर पडतो. तीच गाडी आपण एरवी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवतो. साध्या मागच्या धडकेतही उघडे डोके मागे जाऊन बारवर आपटू शकते. म्हणून उंच चालकांनी सीट आणि बार यांच्यातले अंतर रस्त्यावरच्या वापरासाठीही मोजावे. बार डोक्याच्या अगदी जवळ येत असेल, तर ती गाडी केवळ ट्रॅकसाठी ठेवणे उत्तम.

कठीण छत, मग ते कारखान्याचे असो की फायबरग्लासचे, उलटण्यापासून संरक्षण देत नाही. ते पावसासाठी आणि वाऱ्यासाठी असते. 'माझ्याकडे हार्डटॉप आहे, मला बार लागत नाही' असे म्हणणारे मला दर हंगामात भेटतात, आणि त्यांना मी हेच सांगतो.

काही उघड्या गाड्यांत संरक्षण कारखान्यातूनच येते. होंडा एस-२००० आणि पोर्शे बॉक्सस्टर यांच्या सीटमागे स्थिर कमानी असतात. मर्सिडीजने १९८९ मध्ये आणलेल्या आर-१२९ या एसएल गाडीत, गाडी उलटत असल्याचे कळताच सुमारे ०.३ सेकंदात आपोआप वर येणारी कमान दिली होती, आणि नंतर अनेक गाड्यांत ही कल्पना आली. अशी संरक्षणे पुष्कळ क्लब मान्य करतात. परंतु ती हेल्मेट न घातलेल्या, कारखान्याच्या सीटवर बसलेल्या माणसासाठी योजलेली असतात. हेल्मेट घातले की डोके सुमारे दीड-दोन इंच उंच होते, आणि मग दांड्याची चाचणी अशा गाडीतही घेतलीच पाहिजे.

दांड्याची चाचणी घरी कशी घ्यावी

तपासणीच्या रांगेत उत्तर कळण्यापेक्षा ते घरी आधी कळावे. त्यासाठी सहा फुटांचा सरळ दांडा आणि एक सोबती एवढेच पुरते. सीट ज्या जागी ठेवून गाडी चालवता त्याच जागी ठेवावी, ट्रॅकवर घालणार तेच बूट आणि तेच हेल्मेट घालावे, पट्टे आवळावेत आणि पाठ ताठ ठेवून बसावे. ताठ बसणे महत्त्वाचे आहे, कारण तपासनीस समोर असला की माणूस नकळत अंग चोरून बसतो, पण गाडी उलटताना पाठीचा कणा ताणला जातो आणि डोके वर जाते. सोबत्याने दांडा बारच्या माथ्यावरून काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेवर टेकवावा आणि हेल्मेटपासूनचे अंतर पट्टीने मोजावे. दोन इंच मिळाले तर उत्तम. एक इंच मिळाले तर आपल्या संस्थेचा नियम पाहावा. हेल्मेट दांड्याला लागत असेल, तर पुढचा उपाय सीटमध्ये शोधावा लागतो.

ही चाचणी दोन्ही सीटवर घ्यावी, हे मी स्वतः चुकून शिकलो. पहिल्या वर्षी मी माझ्या बाजूचे अंतर मोजले आणि निश्चिंत झालो. ट्रॅकवर मला मिळालेले प्रशिक्षक सव्वासहा फूट उंच होते, आणि शेजारच्या सीटवर त्यांचे हेल्मेट दांड्याच्या वर दीड इंच आले. नियमानुसार ते माझ्या गाडीत बसू शकत नव्हते, आणि बुटके प्रशिक्षक मोकळे होईपर्यंत माझी सकाळची दोन्ही सत्रे गेली. तेव्हापासून मी नोंदणी करतानाच आयोजकांना शेजारच्या सीटसाठी उंचीची मर्यादा कळवतो. बहुतेक क्लबांचा आणखी एक नियम असा आहे की चालकाला जे पट्टे आणि जी सीट आहे, तसेच संरक्षण प्रशिक्षकालाही मिळाले पाहिजे. आपल्यासाठी सहा बिंदूंचे, म्हणजे सहा ठिकाणी बांधलेले, पट्टे आणि शेजारच्या माणसासाठी कारखान्याचा साधा पट्टा हे तेथे चालत नाही, आणि चालू नये.

सीट आणि पट्टे

मियाटात डोके खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कारखान्याच्या सीटमधला बसण्याच्या जागेचा फोम थोडा कापून काढणे. त्याने एक ते दोन इंच मिळतात, आणि सीटमध्ये दुसरे काही बदलत नाही. त्याने भागले नाही तर पाठ न झुकणारी, एकसंध शर्यतीची सीट घ्यावी लागते. तिच्यावर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाचे मानकचिन्ह आणि मुदत असावी, आणि ती गाडीच्या तळाशी जितकी जवळ बसवता येईल तितकी बसवावी. सीट निवडताना खांदे आणि कंबर यांची रुंदी प्रत्यक्ष बसून पाहावी. ऑनलाइन मापावरून घेतलेली सीट मियाटातल्या अरुंद जागेत बसत नाही, असे बऱ्याचदा होते.

पट्ट्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या काही ट्रॅक-डेंसाठी कारखान्याची सीट आणि कारखान्याचा तीन बिंदूंचा पट्टा पुरेसा आहे. तो पट्टा, ती सीट आणि एअरबॅग हे एकत्र चालण्यासाठीच घडवलेले असतात. रोल बार नसलेल्या उघड्या गाडीत शर्यतीचे पट्टे मुळीच बांधू नयेत. हे पट्टे माणसाला सीटला ताठ जखडतात. गाडी उलटली आणि वरून आधार नसला, तर अंगाला बाजूला सरकायला जागा उरत नाही आणि सगळा भार डोक्यावर व मानेवर येतो.

बार आणि योग्य सीट असली, तर सहा बिंदूंचे पट्टे घ्यावेत. चार बिंदूंच्या बहुतेक पट्ट्यांत मांड्यांमधून जाणारी पट्टी नसते. त्यामुळे समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात, तो ओटीपोटावर चढतो आणि अंग त्याखालून पुढे सरकते. त्यामुळे पोटातल्या अवयवांना गंभीर इजा होते. हे टाळण्यासाठी खास रचना केलेले काही चार बिंदूंचे पट्टे आहेत, पण ते ठरावीक गाड्यांसाठी आणि कारखान्याच्या सीटसाठीच प्रमाणित असतात, हे खरेदीपूर्वी तपासावे.

कोन बरोबर असणे पट्ट्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जाताना आडवे किंवा फार तर वीस अंश खाली झुकलेले असावेत. ते मागे गाडीच्या तळाला बांधले, तर धडकेत खांद्यांना खाली ओढतात आणि पाठीचे मणके दाबले जातात. रोल बारवरची आडवी नळी नेमकी याचसाठी हवी असते. कमरेचा पट्टा बाजूने पाहता सुमारे पंचेचाळीस ते पासष्ट अंशांत खाली जावा आणि तो पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर बसावा. पट्टे बांधताना आधी कमरेचा पट्टा पूर्ण आवळावा आणि मग खांद्याचे, म्हणजे तो वर ओढला जाणार नाही.

पट्ट्यांवरचे लेबल वाचायची सवय लावावी. एसएफआय १६.१ हे मानक असलेल्या पट्ट्यांची मुदत उत्पादनाच्या तारखेपासून दोन वर्षे असते. एफआयएच्या ८८५३-२०१६ या मानकाच्या पट्ट्यांवर शेवटचे वैध वर्षच छापलेले असते आणि ते अधिक काळ चालतात. उघड्या गाडीत हा प्रश्न आणखी तीव्र असतो, कारण पट्ट्यांच्या धाग्यांना ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात आणि ते नजरेला कळण्यापूर्वीच कमजोर होतात. मी ट्रॅकवरून आल्यावर पट्टे काढून कपाटात ठेवतो.

मानेचा आधार

शर्यतीचे पट्टे घेतले की मानेचा आधार, ज्याला एफएचआर म्हणतात, तो ऐच्छिक राहत नाही. कारण सोपे आहे. तीन बिंदूंच्या पट्ट्यात धडाचा भाग थोडा पुढे झुकतो आणि डोके त्याबरोबर जाते. सहा बिंदूंचे पट्टे धड जागेवर रोखतात, पण डोके आणि त्यावरचे दीड किलोचे हेल्मेट पुढे जातच राहते, आणि तो सगळा ताण मान व कवटीचा तळ यांवर येतो. १९८१ मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर फ्रेंच चालक पॅट्रिक जॅकमार याचा अशाच इजेने मृत्यू झाला. त्याचे सहकारी चालक जिम डाउनिंग यांनी त्यानंतर आपले मेहुणे, मिशिगन स्टेट विद्यापीठातले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांच्यासह हान्स हे साधन विकसित केले. ते सर्वदूर स्वीकारले जायला मात्र वीस वर्षे लागली. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीत नामांकित अमेरिकी चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने गेला आणि त्याच वर्षी नॅस्कार या अमेरिकी शर्यत-संघटनेने मानेचा आधार सक्तीचा केला. फॉर्म्युला वनमध्ये तो २००३ पासून सक्तीचा आहे.

हान्सचे जोखड खांद्यांवर बसते, खांद्याचे पट्टे त्यावरून जाऊन ते दाबून धरतात आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या हेल्मेटला मागे रोखतात. म्हणून ते साध्या तीन बिंदूंच्या पट्ट्याबरोबर काम करत नाही. एकच तिरका पट्टा जोखड धरून ठेवू शकत नाही. ज्यांना तीन बिंदूंचा पट्टाच वापरायचा आहे, त्यांच्यासाठी सिम्पसनचा हायब्रिड एस हा छातीवर बांधला जाणारा प्रकार आहे. हान्स घेताना सीटच्या पाठीचा कल पाहावा लागतो. मियाटासारख्या जवळजवळ ताठ बसण्याच्या गाडीत वीस अंशांचा प्रकार बहुतेकांना बसतो, अधिक झोपून बसणाऱ्यांना तीस अंशांचा लागतो. आकार मानेच्या घेरावरून ठरतो. साधनावर एसएफआय ३८.१ किंवा एफआयए ८८५८ यांपैकी एक चिन्ह हवे, आणि एसएफआयचे चिन्ह असल्यास दर पाच वर्षांनी पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागते.

हेल्मेट

भारतातून येताना बरेच जण आपले मोटरसायकलचे हेल्मेट बरोबर आणतात. मीही आणले होते. आयएस ४१५१ चे आयएसआय चिन्ह असलेले किंवा स्नेल या अमेरिकी हेल्मेट-मानक संस्थेचे एम चिन्ह असलेले हेल्मेट दुचाकीसाठी चांगलेच असते, पण गाडीच्या ट्रॅकवर, आणि विशेषतः रोल बार असलेल्या गाडीत, स्नेलच्याच एसए चिन्हाचे हेल्मेट हवे. एसए मानकात आगीची चाचणी असते आणि रोल बारसारख्या कठीण वस्तूवर डोके पुन्हा पुन्हा आपटेल, हे गृहीत धरून केलेली चाचणीही असते. एम मानकात या दोन्ही नसतात. एसए-२०१५ पासूनच्या हेल्मेटांत मानेच्या आधाराच्या दोऱ्या अडकवण्यासाठी आटे असलेल्या जागा तयार मिळतात. स्नेल दर पाच वर्षांनी मानक बदलते. एसए-२०२० नंतर एसए-२०२५ आले, आणि क्लब साधारणपणे चालू व त्याआधीचे मानक स्वीकारतात. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून मानक संपत आलेले हेल्मेट घेऊ नये.

उघड्या गाडीत चेहरा पूर्ण झाकणारे आणि काच असलेलेच हेल्मेट घ्यावे. मियाटाची समोरची काच बुटकी असते, आणि पुढच्या गाडीच्या टायरने उडवलेला खडा तिच्यावरून थेट आत येऊ शकतो. वाऱ्याचा आवाजही इतका असतो की शेजारच्या प्रशिक्षकाचे बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे हेल्मेटमध्ये बसणारा इंटरकॉम ही येथे गरजेची वस्तू आहे.

माप भुवयांच्या वर एक इंचावर डोक्याचा घेर मोजून घ्यावे, पण खरी परीक्षा घातल्यावरच होते. गालांवर घट्ट दाब यायला हवा, कपाळावर एकाच जागी टोचता कामा नये, आणि हनुवटीचा पट्टा बांधून कोणी मागून हेल्मेट पुढे ढकलले तर ते निघता कामा नये. दुकानात ते किमान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावे. चष्मा असेल तर तोच लावून पाहावा. कठीण जमिनीवर पडलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले, तरी वापरू नये.

हात, कपडे आणि आग

बंद गाडीत खिडकीची जाळी जे काम करते, ते उघड्या गाडीत हातांचे बंध करतात. गाडी उलटताना हात आपोआप बाहेर फेकले जातात, आणि त्यांच्यावर गाडीच येऊ शकते. हे बंध कोपराखाली बांधतात आणि त्यांचे दुसरे टोक पट्ट्यांच्या बकलमध्ये अडकवतात, म्हणजे बकल सुटताच बंधही सुटतात. त्यांची लांबी ठरवणे कौशल्याचे काम आहे. स्टिअरिंग पूर्ण फिरवता आले पाहिजे, गिअर बदलता आला पाहिजे, पण हात बारच्या आणि काचेच्या चौकटीच्या रेषेबाहेर जाता कामा नये. मागच्या गाडीला पुढे जाऊ देण्याची खूण अमेरिकेत हात बाहेर काढून करतात. बंध बांधलेल्या चालकाची कोणती खूण चालेल, हे सकाळच्या बैठकीत विचारून घ्यावे.

कपड्यांच्या बाबतीत अनेक क्लबांना पहिल्या स्तरावर लांब बाह्यांचा सुती सदरा आणि सुती पँट पुरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर टाळावे, कारण ते उष्णतेने वितळून त्वचेला चिकटतात. अग्निरोधक सूट घ्यायचाच असेल, तर आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. एसएफआय ३.२ए/१ सूट दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यापासून सुमारे तीन सेकंद वाचवतो आणि ३.२ए/५ सूट सुमारे दहा सेकंद. त्या सात सेकंदांत पट्टे सोडून गाडीबाहेर पडता येते. जुलैतल्या न्यू जर्सीत किंवा एप्रिलमधल्या चेन्नईत जाड सूट असह्य होतो हे खरे आहे. तेव्हा सत्रांमध्ये तो कमरेपर्यंत उतरवावा आणि पाणी भरपूर प्यावे.

अग्निशामक ठेवला तर तो धातूच्या पट्टीने आणि बोल्टने घट्ट बसवलेला असावा. प्लास्टिकच्या बांधणीतला सिलिंडर धडकेत सुटतो आणि गाडीत भिरकावला जातो. चालकाच्या बाजूची चटई, वारा अडवणारी जाळी आणि सीटमागच्या फळीवरचे सगळे सामान काढून टाकावे. कापडी छत वर ठेवायचे की खाली, हे संस्थेच्या नियमावर सोडावे. ते खाली असेल तर पक्के बांधलेले असावे, आणि मागची काच प्लास्टिकची असेल तर छत खाली करण्यापूर्वी तिची चेन उघडावी, नाहीतर ती घडीवर फुटते.

ट्रॅकवर जाण्यापूर्वी

आदल्या संध्याकाळी टॉर्क रेंच घेऊन रोल बारचे, सीटचे आणि पट्ट्यांचे बोल्ट तपासावेत. नव्याने बसवलेला बार पहिल्या दिवसानंतर हमखास थोडा सैल होतो, म्हणून पहिल्या सत्रानंतर पुन्हा पाहावा. त्याच संध्याकाळी पूर्ण पोशाखात, मानेचा आधार आणि हातांचे बंध लावून गाडीत बसावे, डोळे मिटावेत आणि बकल सोडून बाहेर पडण्याचा सराव करावा. मानेचा आधार बारच्या आवरणात अडकतो का, बंध गिअरच्या दांड्याला गुंततात का, इंटरकॉमची तार वेळेवर सुटते का, हे अशाच वेळी कळते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मला पस्तीस सेकंद लागले होते. आता बारा लागतात.

गाडी उलटून थांबली आणि आग नसेल, तर पट्टे सोडू नयेत. इंजिन बंद करावे, हात छातीजवळ घ्यावेत आणि मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदत कर्मचारी, येईपर्यंत थांबावे. उलट्या उघड्या गाडीत पट्टा सोडला की अंगाचा सगळा भार मानेवर जमिनीच्या दिशेने येतो. आग असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर एक हात जमिनीवर किंवा बारवर घट्ट टेकवून अंगाचा भार त्यावर घ्यावा, हनुवटी छातीला लावावी आणि मगच दुसऱ्या हाताने बकल फिरवावे. शेजारी प्रशिक्षक असेल, तर हाच क्रम त्याच्याशी पहिल्या सत्राआधी एकदा बोलून घ्यावा.